मायच्या रक्तातला आकडा

मायला हार्ट अटॅक आला तेव्हा ती कापूस वेचत होती, आणि तिला वाटलं पित्त चढलं.

कार्तिक संपत आला होता. महागावजवळच्या आमच्या वावरात दुसरी वेचणी चालली होती. बाबा बैलबंडीत कापूस भरून खरेदी केंद्रावर गेले होते आणि तिथल्या रांगेत अडकले होते. कापसाच्या त्या वाईट वर्षांत रांग म्हणजे मुक्कामच असायचा. पुढची बंडी हलली की आपली हलायची, आणि कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर उठून गेला की सगळ्यांनीच बसून राहायचं. त्यामुळे वावरात माय होती आणि वेचणाऱ्या बाया.

आधी तिचा जबडा दुखायला लागला, मग डावा खांदा भरून आला. तिनं ओटीतला कापूस गाठोड्यावर रिता केला, पाणी प्यायली आणि परत वेचायला वाकली. घामानं लुगडं भिजलं तेव्हा ती खाली बसली आणि तिथंच ओकली. बायांनी तिला धरून रस्त्यापर्यंत आणलं आणि येणारा काळापिवळा ऑटो थांबवला. महागावच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं आणि तिला लगेच यवतमाळला पाठवलं. मी यवतमाळच्या कोर्टात कारकून होतो. फोन ऑफिसात आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती स्ट्रेचरवर होती आणि नर्सला सांगत होती, "माह्या नाकातली नळी काढा, मले बोलता येऊन नाई राह्यलं."

ती वाचली. हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा गेला होता, पण ती उठून बसली, दलिया नको म्हणून भाकर मागू लागली. बाबा कापूस कसाबसा विकून आले, खाटेच्या पायथ्याशी बसले आणि तिच्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलू लागले. मला वाटलं, संपलं संकट.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी आणखी एका चाचणीसाठी रक्त काढलं. ही तपासणी तेव्हा यवतमाळात होत नव्हती, नमुना नागपूरला जायचा. डॉक्टर शांत, थोडे तुटक बोलणारे गृहस्थ होते. मायला आम्ही माझ्या घरी आणलं आणि रिपोर्ट आला तसं त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला बाहेर वेगळं गाठून सांगण्याऐवजी ते सरळ तिच्याशीच बोलले.

"आजी, झटका आला तेव्हा स्नायूला इजा झाली, ते पहिल्या दिवशीच्या रक्तात दिसलं होतं. ही तपासणी वेगळी. हृदयावर ताण पडला, ते आतून ताणलं गेलं, की त्यातून एक द्रव्य रक्तात येतं. तुमच्या रक्तात ते जास्त आहे."

"म्हंजे काळीज थकून राह्यलं?"

"थकलेलं नाही. पण थकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. थकलं तर अंगात पाणी साचतं. पाय सुजतात, दम लागतो, वजन वाढतं. तसं होईलच असं नाही."

"अन् नाई झालं तं?"

"तर उत्तमच. गोळ्या सोडायच्या नाहीत, मीठ कमी."

मायनं मान हलवली. बाहेर आल्यावर तिनं संत्री घ्यायला लावली. मी मात्र रिपोर्ट खिशातून काढून परत परत पाहत होतो. कंसात जो आकडा चालतो म्हणून छापला होता, त्याच्या कितीतरी पट तिचा होता.

त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष लागेना. कोर्टात तारखा पुकारल्या जायच्या आणि मी घरी फोन करायचो. "माय काय करते?" बायको म्हणायची, "बसल्या आहेत." थोड्या वेळानं परत फोन. "आता?" "आताही बसल्याच आहेत." घरी गेलो की चपला काढायच्या आधी तिच्या पायाशी बसायचो, नडगीवर अंगठा दाबायचो आणि खड्डा पडतो का ते पाहायचो. वजनकाटा विकत आणला. सकाळी तिला त्यावर उभं करायचो. काटा जरासा पुढं गेला की तिला उतरवून परत उभं करायचो, मागं आला की नवी शंका, हिनं जेवण सोडलं की काय. लोणच्याची बरणी मी माळ्यावर टाकली. ती जिना चढली की मी खाली उभा राहून तिचा श्वास ऐकायचो.

एकदा दुपारी ती पलंगावर पडली होती आणि मी तिच्या नाकाजवळ वाकलो होतो. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "काय पाहून राह्यला?"

"काही नाही."

"पाय दाबतं, वजन करतं, नाकाशी येतं. मी काय बाजारातलं वांगं हाय का, कुठी नरम लागते ते पाहाले?"

बायकोला हसू आलं. मला आलं नाही. मी म्हणालो, "माय, तो आकडा लहान नाही."

"आकडा माह्या रक्तातला हाय ना? मंग तुह्या अंगात काहून फिरून राह्यला?"

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे टीव्हीवर त्या दिवसांत आमचाच जिल्हा दिसायचा. कॅमेरेवाले गावोगाव फिरत होते, पुढारी येत होते. शेजारच्या गावातली ओळखीची बाई पांढऱ्या कपाळानं पडद्यावर बोलताना दिसली, तेव्हा मायनं उठून टीव्ही बंद केला. बाबा गावात एकटे होते. रात्री जेवताना तिनं बाबांच्या भाकरीचं कोण करत असेल, असं दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टातून आलो तर घरात बायको एकटीच.

"आर्णीकडच्या एसटीनं गेल्या," ती म्हणाली. "मी स्टँडवर सोडून आले. गोळ्या सोबत दिल्यात."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"त्या तुमच्या आई आहेत, कैदी नाहीत. तुम्हीच त्यांना आजारी करून टाकलंत."

मी ताडकन निघालो. एसटीत बसायला जागा होती तरी उभाच राहिलो. आर्णीच्या पुढं बस टायर बदलायला थांबली, तेव्हा मी रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. मनात माय पुन्हा पुन्हा कोसळत होती.

गावातल्या घराला कडी होती. वावरात गेलो. माय बांधावर, बाभळीच्या सावलीत बसली होती आणि बाबा एकटेच उरलासुरला कापूस वेचत होते. ती तिथूनच त्यांना ओरडून सांगत होती, "ते बोंड राह्यलं. मांगं पाहा."

मला पाहून तिनं बाजूला जागा केली. मी तिच्या पायाकडे पाहिलं. तिनं लुगडं खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "मी सारं आयकलं होतं डाक्टरचं. पाय सुजन, दम लागन, वजन वाढन. मी बह्यरी नाई."

"मग तू राहत का नाहीस माझ्याकडे?"

"तुह्याकडं मी दिवसभर मराची वाट पाहून राह्यली असं वाटते. इथं तसं नाई वाटत." मग बोटं मोजत ती म्हणाली, "मी वेचणार नाई. वझं उचलणार नाई. गोळी चुकवणार नाई. अन् कई काई झालं तं मी खुद तुले सांगीन. पण इचारू नको मले. इचारलं का मी बरीच हाय म्हणन."

बाबा जवळ आले होते. ते म्हणाले, "सांगन ते. मले तं रोजच सांगते काय काय दुखते." त्यावर दोघं हसली. मी संध्याकाळच्या बसनं परत आलो आणि वजनकाटा गावी पाठवून दिला.

न विचारणं मला सगळ्यात कठीण गेलं. फोन गावातल्या दुकानात होता. ती बोलायची ते तुरीबद्दल, गाय व्याल्याबद्दल, कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल. मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून शब्दांमधला श्वास ऐकायचो. हिवाळा गेला. शेवटचं बोंड वेचून कापसाची उलंगवाडी झाली, वाळल्या पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचल्या गेल्या. होळी झाली.

चैत्रात एका सकाळी तिचा फोन आला.

"बाबू, दोन उश्या घ्याव्या लागून राह्यल्या. एका उशीवर दम लागते. काटाबी पुढं गेला. पाय मी सोता दाबून पाह्यला. खड्डा पडते."

एवढंच. आवाजात भीती नव्हती. मी जीप घेऊन गेलो तर ती दारात पिशवी घेऊन तयार बसली होती. पिशवीत गोळ्या, चष्मा आणि जुना रिपोर्ट. रस्ताभर मी ड्रायव्हरला घाई करत होतो आणि ती त्याला खड्डे दाखवत होती.

डॉक्टरांनी तपासलं. छातीत पाणी नुकतंच साचायला लागलं होतं. ते म्हणाले, "आणखी थांबला असतात तर गुदमरलेल्या अवस्थेत आणावं लागलं असतं. कुणाच्या लक्षात आलं?"

"माह्या," माय म्हणाली.

लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरलं, सूज गेली. रक्त परत नागपूरला गेलं. आकडा खाली आला होता, पण कंसातल्या आकड्याच्या जवळही नव्हता. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं आता सोबत राहणार. मायनं विचारलं, "मंग पुढं काय कराचं ते सांगा." त्यांनी सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तूबी आयकलं ना?"

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. दोनदा परत पाणी साचलं, दोन्ही वेळा फोन तिचाच होता. वेचणी तिनं कायमची सोडली. चैत्रातल्या त्या दुखण्यानंतर आलेल्या दिवाळीनंतर पहिल्या वेचणीला वावरात सीतादहीची पूजा करायची होती, तेव्हा मी रजा घेऊन गेलो. बाबांनी दहीभात शिंपडला, नारळ फोडला. माय बांधावर बसून कापसाच्या कोणत्या ओळीपासून सुरुवात करायची यावरून त्यांच्याशी भांडत होती. तिचं बोलणं मधेच थांबलं, आणि मी झटक्यात उभा राहिलो.

ती फक्त खोबरं चावत होती.