घाटंजीची पाणपोई आणि ओमदुर्मानचे रांजण

मे महिन्यात कोणी यवतमाळला जातं का, असं मला पुण्यात निदान चार जणांनी विचारलं. जात नाही. शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. पण सल्माला घरातून बाहेर काढायचं होतं आणि माझ्या काकूने फर्मान सोडलं होतं, "आण तिले इकडं. फोनकडे पाहून पाहून डोये जातीन पोरीचे."

सल्मा माझ्या वरच्या मजल्यावर राहते. सुदानची आहे, पुण्यात फार्मसी शिकायला आली आणि मागे तिच्या देशात लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. तिची आई आणि भाऊ ओमदुर्मानमध्ये असतात, खार्टूमच्या समोर, नाईलच्या काठावर. बरेच दिवस आईचा फोन लागत नव्हता. भाऊही गप्प होता. त्या भागात कॉलरा पसरल्याच्या बातम्या येत होत्या आणि सल्मा मोबाइल हातात धरूनच जेवत होती.

तिची एकच अडचण होती. माझ्या गावात नेटवर्क नाही. मेसेज आला तर? मी वचन दिलं की रोज गावाजवळच्या घाटंजीला येऊन फोन बघू.

पुण्याहून रात्रीची खासगी बस सकाळी यवतमाळला सोडते. स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री जपून घ्या, सल्माने जपून घेतली नाही आणि मग पाण्याची अख्खी बाटली संपवली. यवतमाळहून घाटंजीला लालपरीने जावं, गाड्या बऱ्याच आहेत, फक्त उन्हाआधी निघा आणि डोक्याला दुपट्टा हवाच. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं. सल्मा परदेशी, तिला ते चालेल का, म्हणून मी कंडक्टरला प्रामाणिकपणे विचारलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई हाये ना? मंग अर्धं."

घाटंजीला उतरलो तेव्हा ऊन डोळ्यात खुपत होतं. स्टँडजवळ कडुनिंबाखाली पाणपोई आहे. हिरवी जाळी, खाली ओली वाळू, वाळूवर गोणपाट गुंडाळलेले रांजण आणि लांब दांड्याच्या डावाने पाणी वाढणारे एक आजोबा. मला ते दृश्य नवं नाही, मी पाणी पिऊन ऑटो बघायला निघाले. मागे वळून पाहते तर सल्मा तिथेच, रांजणाच्या पोटाला तळहात लावून उभी.

त्यांच्याकडेही असंच असतं, ती सांगू लागली. घराबाहेर झाडाखाली मातीचे मोठे रांजण, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासाठीही. तिच्या आईचे दोन आहेत, दारासमोरच्या झाडाखाली. झाडही हेच आणि नावही हिंदीतलंच, नीम. आजोबांनी सगळं मन लावून ऐकलं आणि साधंच विचारलं, "मंग आता कोन भरते ते?"

सल्मा पाणी पिऊन निघाली. उत्तर तिने मला ऑटोत सांगितलं. लढाई सुरू झाली तेव्हा नदीवरचं पाणी शुद्ध करायचं केंद्र गोळीबारात सापडलं, कामगार तिथे पोचू शकेनात, नळ कोरडे पडले. लोक गाढवगाड्या घेऊन नदीवर जायला लागले. वाटेत गोळी लागायची भीती, म्हणून भाऊ एकटाच जायचा. पुढे वीजकेंद्रावर ड्रोन पडले आणि उरलेसुरले पंपही थांबले. तरी आई रांजणात थोडंथोडं पाणी ओतत राहिली. मग एक दिवस भावाचा मेसेज आला की आईने दोन्ही रांजण उलटे करून ठेवले. त्यानंतर फोन बंद.

"उलटे म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे कोणाला द्यायला पाणी नाही," सल्मा म्हणाली. "माझ्या आईला त्याची लाज वाटली असेल."

घरी पोचलो तर काकू तांब्या घेऊन दारात. पाय धुवा, मग आत. जेवायला पिठलं, मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकरी. भाकरीचा तुकडा तोंडात घालताच सल्मा हसली, त्या प्रवासात पहिल्यांदा. त्यांच्याकडे ज्वारीच खातात, तिची पातळ पोळी, किसरा, करतात. काकूची वऱ्हाडी निम्मी हिंदी आणि सल्माची हिंदी निम्मी मराठी, त्यामुळे दोघींचं इतकं जमलं की मी पुण्याची पाहुणी ठरले. आमच्याकडे बायकाही "मी करतो, मी जातो" म्हणतात. संध्याकाळपर्यंत सल्माही "मी येतो" म्हणायला लागली.

गडबड झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या घरी रात्रीचं पाणी शिळं धरतात. काकू रोज सकाळी माठातलं उरलेलं पाणी ओतून देते, माठ आतून घासते आणि ताजं भरते. त्या दिवशीही तिने माठ अंगणात नेऊन तिरका केला, आणि सल्माने धावत येऊन तिचा हात धरला.

काकूला तिच्या स्वयंपाकात आजवर कोणी अडवलेलं नाही. काकांची तर टाप नाही. काकूने हळूच माठ खाली ठेवला आणि विचारलं, "काहून व माय?"

सल्माने सांगितलं. तिकडे गढूळ पाणी कापडातून गाळून प्यावं लागतं, ते पिऊन शेजारची मुलं दगावली, एक माठ पाणी म्हणजे घरातल्या सगळ्यांचा दिवस. काकूने तुरटी फिरवायचं सुचवलं. सल्मा म्हणाली, तुरटीने गाळ खाली बसतो, रोग जात नाही. पाणी उकळावं लागतं किंवा औषध टाकावं लागतं, आणि तिथे औषध मिळत नाही, लाकूड परवडत नाही. मग काकूने माठातलं पाणी बकऱ्यांच्या बादलीत ओतलं, एक थेंबही न सांडता, आणि डोक्यावर पदर घेऊन आमच्याबरोबर घाटंजीला फोन बघायला निघाली.

घाटंजी जवळ आलं तसा सल्माचा मोबाइल थरथरला. पुन्हा थरथरला. पाणपोईजवळ उतरलो तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. भावाच्या नंबरवरून आवाजी मेसेज होता. तूच ऐक आणि मला सांग, ती म्हणाली. मला अरबी येत नाही हे त्या क्षणी दोघींनाही आठवलं नाही. मी बटण दाबलं. एका बाईचा बसलेला आवाज आला आणि सल्माने माझ्या हातासकट फोन कानाशी ओढला.

काकूने तिला धरलं. मी तिचा चेहरा वाचत होते, दुसरं काही हातात नव्हतं. ती रडत होती आणि मान हलवत होती. आई होती. जिवंत होती. तिला कॉलरा झाला होता, तंबूतल्या दवाखान्यात सलाईन लावली, ती वाचली. वीज नव्हती म्हणून फोन बंद होते. आता गल्लीतल्या लोकांनी मिळून बोअरवर सौरपंप बसवला आहे. एक रांजण फुटला. दुसरा तिने पुन्हा सरळ केला आहे.

सल्माने लगेच फोन लावला आणि तो लागला. थोडं बोलून तिने काकूकडे पाहिलं. "आई विचारते, तिथे पाणी आहे ना?"

ज्या बाईने नदीचं पाणी पिऊन मरण पाहिलं, ती आम्हाला हे विचारत होती. काकूने फोनवर वाकून, समोर बसल्यासारखं सांगितलं, "हाये म्हना. तुयी पोरगी इथं तहानेली नाई राह्यनार."

आजोबांनी न विचारता तिघींसाठी पाणी भरलं. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नाही, आणि ते घाटंजीचं पाणी होतं, ज्याबद्दल मी लहानपणापासून कुरकुर करत आले.

आता पुण्यात परत येऊन महिना झाला. आमच्या फाटकाबाहेर एक माठ आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींची नाराजी पत्करून ठेवलेला. सल्मा तो रोज भरते. सामान पोचवणारे, कचरा उचलणाऱ्या बायका, रिक्षावाले त्यातलं पाणी पितात. माझ्या घरी नळाला पाणी येतं, ते स्वच्छ असतं, आणि ते आणायला जाताना माझ्यावर कोणी बंदूक रोखत नाही. यासाठी कोणाचे आभार मानावेत ते मला कळत नाही, पण मानते.

तिकडे लढाई थांबलेली नाही. फोन कधी लागतो, कधी आठवडा-आठवडा लागत नाही. काकूने स्वतःच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला एक रांजण मांडला आहे. ती हल्ली फोनवर मी जेवले का ते विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो, सल्माच्या आईचा फोन आला का.

नाही म्हटलं की म्हणते, "बरं. तिचा फोन लागेस्तोवर तिच्या वाटचं पानी मी भरतो."