वऱ्हाडाच्या दोन गाड्या

"तुझा मोठा कोण?"

वर्गात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला आमचे सर हेच विचारायचे. पोरगं गांगरून बापाचं नाव सांगायचं. "त्यांचा मोठा?" आजोबा. "अन् त्यांचा?" शेवटी पोरगं हात टेकायचं आणि सर खुशीत फळ्याकडं वळायचे. "ज्या दोघांचा शेवटचा मोठा एकच, ते दोघं एका गटातले. बाकी चौकशी बंद!"

जालन्याच्या एका कॉलेजात सर आणि मी प्रोग्रामिंग शिकवायचो. प्रोग्रामिंगमधली गट जोडायची ही रीत तशी साधीच, पण सरांचा तिच्यावर भारी जीव. एकदा मोठा सापडला की पुढच्या वेळी मधल्यांना विचारत बसायचं नाही, हा तिचा पुढचा नियम. सरांनी तो रजेच्या अर्जालाही लावला. हेडक्लार्कला ओलांडून अर्ज थेट प्राचार्यांच्या टेबलावर! हेडक्लार्क असे फुगले की आमच्या लॅबला किती तरी दिवस साधा खडू मिळाला नाही.

"नेम बराबर हाय मॅडम," सर म्हणाले. "माणसं बराबर न्हाईत."

असला माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. नसेल तर तुमचं नशीब.

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. जालन्यातल्या मस्तगडच्या घरून वऱ्हाड अंबडला जाणार होतं. शहागडच्या धाकट्या भावाशी सरांचं बोलणं बंद होतं, शेताच्या बांधावरून. भावाला बोलवायचंच नव्हतं, पण त्याच्या बाजूच्या पाहुण्यांना टाळता येईना. सरांनी शक्कल काढली. ज्यांचं एकमेकांशी बोलणं, ते एका गटात. दोन गट, दोन गाड्या, तोंडं बघायला नकोत.

एका रविवारी मी चहाला गेले, तेव्हा सर घरी पाहुण्यांची यादी टाकून हा प्रोग्राम चालवत होते. उत्तर आलं, गट एकच. सर चक्रावले. मग लक्षात आलं, त्यांची आत्या! ती तर दोन्हीकडं जाऊन सगळ्यांची खबर घेते.

"वगळा आत्याला," मी आगीत तेल ओतलं.

"आत्याला वगळणारा अजून जल्मायचाय," असं म्हणत त्यांनी तिला गुपचूप वगळलं. आता बरोबर दोन गट आले. सरांनी टेबलावर थाप मारली.

वहिनी पोहे घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझं अन् धाकट्या जावेचं राह्यलं की."

"काय राह्यलं?"

"बोलणं. तुम्ही कॉलेजात गेले की रोज फोनवर बोलतो आम्ही."

सरांनी ती जोडी यादीत टाकली, तर पुन्हा गट एकच. मी साळसूदपणे विचारलं, "सर, ह्यात तोडायची काही सोय?"

"न्हाई," सर पुटपुटले. "जोडायचीच हाय. अन् जोडताना लहान गटानं मोठ्या गटाकडं जायचं."

शहागडचा गट मोठा होता. हा नेम पोरांना त्यांनीच शिकवलेला. मला हसू आवरेना, पण वहिनींकडं पाहिलं आणि माझं हसू विरलं.

"पोराच्या लग्नात सख्खा काका न्हाई," त्या म्हणाल्या. "मला गोड लागंल का काही?"

सरांनी कॉम्प्युटर बंद केला. मग हळूच म्हणाले, "अन् त्यानं दार लावून घेतलं मंग?"

इतका घाबरलेला माणूस मी लॅबमध्ये प्राचार्यांसमोरही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं शहागडला गेले. परत आले आणि मी विचारायच्या आत फणकारले, "मला म्हणतो, पत्रिका द्यायला इतका उशीर? अकलंचा कांदा हाय बिलकुल!" डोळे मात्र लाल होते.

वऱ्हाड एकाच गाडीत गेलं, दाटीवाटीनं.

निवृत्तीनंतर सर शहागडलाच राहायला गेले. लॅब आता शिस्तीत चालते आणि मला तिथं अजिबात करमत नाही. परवा न राहवून फोन लावला. धाकट्या भावानं उचलला.

"सर आहेत का?"

"बांधावर जाऊन बसलाय. आत्ताच भांडून गेला माझ्याशी."

"अगंबाई! मग आता?"

"मंग काय? ताट वाढलंय दोघांचं. यील की."