खिळ्यावरचा चष्मा

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पीडी गावात धड डोळ्यांचं माणूस शोधायचं तर ते तान्ह्या पोरांत शोधावं. बाकीचे सगळे धुळीने, उन्हाने आणि ओपल नावाच्या रत्नाच्या आशेने डोळे चोळत बसलेले. पण देसांकाचं दुखणं या जातीचं नव्हतं. तिचे डोळे आतूनच कोरडे पडले होते. सकाळी जाग आली की पापण्या बुबुळांना चिकटलेल्या असायच्या. त्या बोटाने हळूहळू सोडवाव्या लागत, आणि सुटताना वाळू भरल्यासारखं खुपायचं. बासष्टाव्या वर्षी माणसाचं बरंच काही सुकतं, त्यात डोळेही, असं म्हणून तिने सोडूनही दिलं असतं. पण तिचं पोट त्या डोळ्यांवर होतं.

ती थानासिसच्या यंत्रावर पेटीत बसायची. गावाभोवती खाणींतून उपसलेल्या मातीचे ढीग पडलेत, आणि घाईत नजरेतून सुटलेले ओपलचे तुकडे त्यांत असतात. म्हातारा थानासिस ती माती चाळणीत ओतायचा. चाळलेले खडे पट्ट्यावरून एका पत्र्याच्या पेटीत शिरायचे. पेटीला काळा पडदा आणि आत जांभळा दिवा. त्या उजेडात माती काळीच राहते आणि ओपल तेवढं चमकून उठतं. ते उचलायचं, एवढंच देसांकाचं काम. भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, सहा तास त्या अंधारात डोळ्यांत तेल घालून बसायचं. आणि तिच्या डोळ्यांत तर पाणीसुद्धा नव्हतं.

पेटीत एकच नियम होता, हसायचं नाही. त्या उजेडात दातही चमकतात. तोंड उघडलं की धुळीसाठी लावलेल्या समोरच्या काचेत निळसर पांढरी रांग उमटते आणि नजर फसते.

"तू मिळालीस हे माझं नशीब," थानासिस म्हणायचा. "एकोणीस वर्षांत तुझे दात बघितलेला माणूस या गावात नाही."

"तू तुझी चाळणी बघ," देसांका म्हणायची.

एकोणीस वर्षं म्हणजे वेलिमीर गेल्यापासूनची. वेलिमीर तिचा नवरा. भोपळ्याएवढं डोकं, आणि सुरुंगाची टोपी वातीवर दातांनी आवळायची वाईट खोड. त्या खोडीपायी एकदा वरच्या डाव्या सुळ्याचा टवका उडाला होता. देसांका त्या खाचेत अंगठ्याचं नख टेकवायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नख तिथे नेमकं बसायचं.

तो गेला त्या दिवशी सकाळीच दोघांचं वाजलं होतं. मग तो बराच वेळ दाराशी बसून खिळ्याने काहीतरी ठोकत होता. दुपारी धुळीचं वादळ उठलं. घर डोंगराच्या पोटात खोदलेलं, त्यामुळे आत काही कळत नव्हतं, फक्त छतातून वर गेलेली हवेची नळी घुमत होती. दारातून तो काहीसं बोलला. देसांका पीठ मळत होती, राग गेला नव्हता, तिने मान वळवली नाही. वादळ शमल्यावर ती पाण्याच्या टाकीचं झाकण बांधायला बाहेर गेली, तोवर त्याचा पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात हमरस्त्यावरच्या खाणावळीतली स्वयंपाकीण ॲडलेडच्या बसने निघून गेली. गावाने दोन आणि दोन चार केले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोलीस आला आणि त्याने विचारलं, "खाणींत शोधू या का?" देसांकाने भिंतीतल्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे वेलिमीरचा धुळीचा चष्मा लटकत होता. जाड काचा, कडेने रबर, मागे चामड्याचा पट्टा. घरात तो तेवढा एकच होता.

"अशा धुळीत खाणीकडे निघालेला माणूस चष्मा टाकून जाईल?" ती म्हणाली. "तो रस्त्याकडे गेलाय, कुणाच्या तरी गाडीत बसायला. खाणीत कशाला शोधताय?"

पोलिसाला पटलं. शोध तिथेच संपला. देसांका रडली नाही. तोंडाला पानं पुसून गेलेल्या माणसासाठी रडायला ती काही खुळी नव्हती. चष्म्यालाही तिने पुन्हा हात लावला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला पुरावा दाखवायला तो खिळ्यावरच बरा होता.

डोळे सुकले ते पुढे पंधराएक वर्षांनी. एकदा दुखणं गावाला कळलं की वैद्यांना तोटा नाही. शेजारची रुझा सगळ्यात पुढे. रुझाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी देसांकाने हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कुमा म्हणत.

"कुमा, कॅमोमाईलच्या फुलांच्या चहाच्या पिशव्या ठेव डोळ्यांवर. माझी सासू ठेवायची."

"तुझी सासू आंधळी होऊन मेली."

"ती वयाने. पिशव्यांचा काय दोष?"

पिशव्यांनी डोळे सुजले. मग दुकानातले थेंब झाले, तासाला एक. माशाच्या तेलाच्या गोळ्या झाल्या, त्यांनी ढेकर तेवढे आले. मोज्यात तांदूळ भरून, गरम करून पापण्यांवर शेकणं झालं. हवेत ओल राहावी म्हणून देसांकाने खोलीत ओले टॉवेल टांगले, तर चुन्यासारख्या भिंती ते पाणी पिऊन गेल्या आणि खोलीला तळघराचा वास धरला. दर दोन महिन्यांनी शहरातून येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी पापण्यांच्या कोपऱ्यातल्या, पाणी वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बुचं बसवली. पण टाकीतच थेंब नसेल तर तोटी बंद करून काय मिळणार!

पहिल्या तपासणीला बाईंनी डोळ्यात नारिंगी रंग सोडला आणि निळा दिवा लावून फोटो काढला. फोटोत देसांकाचा स्वतःचा डोळा पेटीतल्या खड्यासारखा चमकत होता, हिरवा, आणि त्यावर आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा. सहा तास आपण पट्ट्याकडे बघतो, तसं कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं तिला वाटलं.

"शेवटचं कधी रडलात?" बाईंनी विचारलं.

"मी रडत नाही."

"बरं. चहूबाजूंनी बंद असलेला चष्मा वापरा. आतली ओल आत राहते. खाणीवाल्यांचा असतो ना, तसला."

"घरी आहे एक," देसांका म्हणाली. "तो मी वापरत नाही."

वेलिमीर गेल्याला एकोणीस वर्षं झाली त्या शरदात थानासिसने नवा ढीग घेतला. वेलिमीरच्या जुन्या खाणीपासून तो तीनशे पावलांवर होता. तीन वर्षांपूर्वी एका परक्या टोळीने तिथे जमिनीखाली बोगद्याचं यंत्र चालवलं होतं आणि माती जाड नळीने ओढून वर टाकली होती. देसांकाला ती जागा आवडत नव्हती, पण पेटीत बसल्यावर कुठली माती आणि कुठली जागा, सगळा एकच अंधार.

दुसऱ्या दिवशी ते पांढरे तुकडे यायला लागले. ओपलमध्ये रंग खेळतात, यांत नव्हते. नुसता निळसर पांढरा, मंद उजेड. एक यायचा, मग बराच वेळ काळी माती, मग आणखी एक. आपले डोळे असे, पापणी मिटून उघडेपर्यंत एकाचे दोन दिसायचे आणि दोघांभोवती कडं. बिनरंगाचा फुसका ओपल असेल, असं तिने धरलं. संशयाचे तुकडे पाण्याच्या बरणीत टाकून दुसऱ्या दिवशी उन्हात बघायचे, ही थानासिसची पद्धत. पण ऊन आता तिच्या डोळ्यांत सुयांसारखं घुसायचं. "डोळे जरा बरे झाले की बघते," असं म्हणत तिने बरणी घरी नेली आणि उशापाशी ठेवली.

बरणीत रोज दोनतीनची भर पडत होती. सकाळी पापण्या सोडवल्या की धुरकट नजरेला पहिली ती बरणी दिसायची. झोपताना तळाशी विखुरलेले तुकडे सकाळी तिच्या बाजूच्या काचेला टेकून बसल्यासारखे वाटायचे. तिने बरणी फिरवून ठेवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसंच. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचे दिवस गेले, असं म्हणून ती उठून चहा टाकायची. पण खोलीत कपडे बदलताना ती बरणीकडे पाठ करायला लागली होती, आणि हे तिने रुझालाही सांगितलं नाही.

शेवटचा उपाय रक्ताचा होता. त्यासाठी देसांका मागच्याच महिन्यात ॲडलेडला जाऊन आली होती. तिथे तिच्या दंडातून रक्त काढलं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं केलं आणि बारीक कुप्यांत गोठवून पेटीभर पाठवलं. रोज एक कुपी वितळवायची आणि दिवसभर थेंब थेंब डोळ्यांत घालायची. कुप्या बर्फाच्या कप्प्यात कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सार्माशेजारी बसल्या.

"स्वतःचंच रक्त स्वतःच्या डोळ्यांत!" रुझाने क्रूस केला. "चुकून माझ्या पानात वाढू नकोस म्हणजे झालं."

"तुझ्या जिभेला तेच हवंय."

पण गुण आला. दहाव्या दिवशी पापण्या आपोआप उघडल्या. दिव्यांभोवतीची कडी गेली. देसांकाला इतका आनंद झाला की त्या दिवशी पेटीत बसताना ती गुणगुणत होती.

दुपारी थानासिसने पडदा बाजूला करून डोकं आत घातलं. "कोण गातंय? माझ्या यंत्रात भूत शिरलं की काय?" म्हणाला आणि मोठ्याने हसला.

अंधारात त्याचे दात चमकले. निळसर पांढरे, रंग न खेळणारे, मंद. देसांकाच्या बोटांत नुकताच उचललेला तुकडा होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग थानासिसच्या तोंडाकडे. दोन्ही उजेड एकच होते.

"पट्टा थांबव," ती म्हणाली.

"काय झालं गं? काही सापडलं का?"

"थांबव म्हणते ना."

ती सरळ घरी आली. बरणी तिने पांढऱ्या थाळीत उपडी केली. नऊ दिवस उशापाशी ठेवलेले तुकडे आता तिला लख्ख दिसत होते. सहा हाडाच्या कपच्या होत्या, बाकीचे दात. दाढा बाजूला सारता सारता तिला सुळा दिसला, टोकाशी तिरका टवका उडालेला. तिने अंगठ्याचं नख त्या खाचेत टेकवलं. ते नेमकं बसलं. वर हवेची नळी घुमायला लागली होती.

पोलिसांनी ढिगाभोवती दोरी लावली. ढिगाखालच्या बोगद्यात, खाणीच्या जुन्या बुजलेल्या उभ्या खड्ड्याच्या तळाशी, उरलेला वेलिमीर सापडला. मांडीचं हाड मोडलेलं होतं. सहा आठवड्यांनी शहरातून तपासणीचा कागद आला, नाव तेच. तळाशी पडल्यावर तो किती वेळ जिवंत होता ते त्या कागदात लिहिलेलं नव्हतं.

कागद आला त्या दुपारी थानासिस टोपी हातात घेऊन देसांकाकडे आला. रुझा आधीच येऊन बसली होती.

"त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता," थानासिस म्हणाला. "माझ्या छपराचा पत्रा गेला होता, म्हणून आठवतं. तुमच्या खाणीकडे जायचं म्हणजे वारा थेट तोंडावर. चष्मा नसला की आपण काय करतो? डोळे वाचवायला पाठ फिरवतो आणि उलटं चालतो. मीही किती वेळा चाललोय. पाहुण्यांसाठी जागोजाग पाट्या लावल्यात, उलटं चालू नका, खड्डे आहेत. आपल्याला कोण सांगणार?"

"पण मेला बिनचष्म्याचा गेलाच कशाला?" रुझा म्हणाली.

देसांका खिळ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षं ती त्याच्याकडे बोट दाखवत आली होती, बघत मात्र आज होती. उठून तिने चष्मा काढला. काचांवरची धूळ कापडाएवढी जाड होती, ती तिने बाहीने पुसली. मग पट्टा हातात घेतला.

पट्ट्याच्या टोकाला, शेवटच्या भोकापाशी, बकलाचा जुना खोल वळ होता. भोपळ्याएवढ्या डोक्याला तेच भोक लागायचं. पण बकल तिथे नव्हतं. ते चार बोटं आत, एका नव्याच भोकात अडकवलेलं होतं. भोक वेडंवाकडं होतं, खिळ्याने ठोकून पाडलेलं, आणि त्याच्या कडा अजून खरखरीत होत्या. ते त्यानंतर कुणी कधी वापरलंच नव्हतं.

वेलिमीरच्या डोक्याला हा चष्मा बसलाही नसता.

देसांकाने तो डोक्यावरून खाली ओढला. रबर डोळ्यांभोवती घट्ट टेकलं. पट्टा ना सैल, ना आवळ. टाकीचं झाकण बांधायला ती वादळातही बाहेर पडेल, असं त्याला वाटलं असणार. दारातून तो तेच सांगत असणार.

"कुमा," रुझा घाबरून म्हणाली, "कुमा, बोल काहीतरी. दिसतंय का तुला?"

काचांना आतून वाफ धरली होती. देसांकाला ना रुझा दिसत होती, ना थानासिस, ना भिंत.

"मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "खाणीत शोधू नका म्हणून."