माझ्या पायापुरतं सॉफ्टवेअर

आमच्याकडे डिझेलचा मोठा पिकअप ट्रक आहे म्हटलं की चंदीगडमधली मराठी मंडळी माझ्या नवऱ्याकडे बघतात. ट्रक माझा आहे. मी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि मुल्लानपूरच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर झाडं लावते. रोपं, माती, शेणखत सगळं त्यातूनच जातं. मागे रोपांसाठी फळ्या ठोकून घेतल्यात आणि मोहालीच्या एका मेकॅनिककडून इंजिनाचं सॉफ्टवेअरही बदलून घेतलंय. "चढावर ओढ हवी," असं मी नवऱ्याला सांगितलं होतं.

ती चक्क थाप होती. लहानपणी पोलिओ झालेला माझा उजवा पाय अलीकडे पुन्हा ढिला पडू लागला होता. ब्रेक नीट लागायचा, पण अ‍ॅक्सिलरेटर फार वेळ दाबून धरवत नव्हता. मेकॅनिक लॅपटॉप मांडीवर घेऊन दुपारभर शेजारी बसला आणि "मॅडमजी, बस पैर रखो, दबाओ मत," म्हणत त्याने ट्रकला माझ्या पायाचं ऐकायला शिकवलं. पुढे तो कॅनडाला गेला.

नवरा हाडांचा डॉक्टर. त्याला कळलं असतं तर माझं ट्रक चालवणं दुसऱ्या दिवशी बंद, तेही प्रेमाने! म्हणून मी गप्प बसले.

या हिवाळ्यात सर्व्हिस सेंटरचा फोन आला, तो नवऱ्याने घेतला. नवं अपडेट आलंय, ब्रेक जास्त सुरक्षित होतील, पण बाहेरून केलेलं सेटिंग पुसलं जाईल. नवऱ्याने मला न विचारता हो म्हणून टाकलं. मी तणतणत त्याच्याबरोबर गेले.

काउंटरवर सहीचा कागद पुढे आला. "पक्का मिट जाएगा?" मी विचारलं.

"जी, पक्का," तिथला माणूस म्हणाला.

"अगं, कर सही," नवरा म्हणाला. "चढावर थोडी रखडशील, पण सुखरूप येशील. तू येईपर्यंत मला रोज धाकधूक असते."

आजूबाजूला दहाजण पंजाबीत बोलत होते, पण इथे मराठीत बोललं की भर गर्दीतही आमच्या दोघांपुरता आडोसा मिळतो.

"ते ओढीसाठी नव्हतंच हो," मी म्हणाले. "पायासाठी होतं. पाय जातोय माझा पुन्हा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

तो ओरडेल असं वाटलं होतं. "आणि मी दिवसभर परक्यांचे पाय तपासतो," एवढंच म्हणाला. त्या क्षणी मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्याच्याबद्दल फार माया दाटून आली.

"आज रहने दो जी," त्याने काउंटरवर सांगितलं आणि तरातरा जाऊन ट्रकचं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. आता हाच चालवणार, संपलं आपलं, म्हटलं. तो मात्र दार तसंच धरून उभा राहिला.

"बस. चालव," म्हणाला. "बघू दे मला."

घरापर्यंत त्याने एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायाकडेच बघत बसला होता.