फाटकापुढची पांढरी रेघ

सगळा गाव तिला फाटकताई म्हणायचा. सख्खा दीरसुद्धा 'वहिनी' सोडून फाटकताई म्हणायला लागला, तेव्हा तिने हात टेकले.

एकोणीस वर्षं ती त्या रेल्वे फाटकावर होती. स्टेशनातून फोन आला की चाक सतरा वेळा फिरवायचं, दोन्ही दांडे खाली आणायचे, फाटक बंद झाल्याचं फोनवर सांगायचं आणि हिरवा बावटा घेऊन खोलीच्या दारात उभं राहायचं. तिच्या कामाला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. खोलीभोवतीचे दगडही ती दर महिन्याला चुन्याने रंगवायची, आणि त्यांवर कुणी बूट पुसले तर त्याची खैर नसायची.

अडचण फाटकाची नव्हती, फाटकापुढच्या शहाण्यांची होती. दांडा खाली आला की पहिली चार वाहनं निमूटपणे डावीकडे थांबायची. पाचव्याला दम निघायचा नाही. तो उजवीकडून पुढे यायचा आणि त्याच्यामागून सगळं लटांबर. पलीकडेही हेच. मग फाटक उघडलं की दोन भरलेले रस्ते रुळांवरच एकमेकांसमोर उभे ठाकायचे. पुढे जायला जागा नाही, मागे जायची कुणाची तयारी नाही, आणि चूक हमखास समोरच्याची.

मागच्या हिवाळ्यात या गोंधळात शाळेची व्हॅन रुळांवर अडकली. तेवढ्यात फोन आला. पुढची गाडी आधीच सुटली होती. फाटकताई लाल बावटा घेऊन रुळांच्या कडेने धावत सुटली, चप्पल कुठे गेली तेही तिला कळलं नाही. इंजिन थांबलं ते व्हॅनपासून चाळीस पावलांवर. व्हॅनमधली पोरं इंजिनाच्या ड्रायव्हरला हसत हसत हात करत होती.

व्हॅनची वाट अडवून उभा होता तो निळ्या ताडपत्रीचा टेम्पो तिच्याच नवऱ्याचा होता.

टेम्पोवाला तसा सरळ माणूस. पण बायको फाटकावर म्हणजे फाटक घरचंच, असा त्याचा समज. नेहमी उजवीकडून थेट दांड्यापर्यंत यायचा आणि वर तिला हसून दाखवायचा. त्या रात्री तिने विषय काढला. सगळेच घुसतात, मी एकट्याने मागे थांबून काय होणार, असं म्हणून त्याने कूस बदलली. ती वाद घालत बसली नाही. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे मात्र तिने मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्याच दिवशी ती नगरपालिकेत गेली. कारकुनाने कपाटातून वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक काढलं आणि धूळ झटकली. फाटकापासून पन्नास फुटांत कुणीही आपली डावी बाजू सोडू नये आणि पांढऱ्या रेघेच्या पुढे थांबू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्या दाखवाव्यात तसा तो नियम त्याने कौतुकाने दाखवला. पण रेघ कुठाय, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला, जागा रेल्वेची आहे. रेल्वेचे साहेब म्हणाले, रस्ता नगरपालिकेचा आहे. आठ खेपा झाल्या. नवव्या खेपेला तिने नियमाची शिक्का मारलेली नक्कल तेवढी मागून घेतली.

रेघ तिने स्वतःच मारली. दगडांचा चुना, जुना झाडू आणि मापाला दोरी. चाकांनी ती दोन दिवसांत खाऊन टाकली. तिने पुन्हा मारली. लोक हसले, नवराही हसला. ती दर दोन दिवसांनी मारतच राहिली.

मग तिने चौकातल्या वाहतूक हवालदाराला गाठलं. निवृत्तीला सहा महिने राहिलेला माणूस, त्याला नसती उठाठेव नको होती. कागद असेल तर पावती फाडतो, असं म्हणून त्याने तिला वाटेला लावायचं पाहिलं. तिने नक्कल समोर धरली. हवालदाराने ती दोनदा वाचली, टोपी सारखी केली आणि सोमवारी दुपारी फाटकावर हजर झाला.

पहिलाच उजवीकडून आला तो निळ्या ताडपत्रीचा टेम्पो.

नवऱ्याने नेहमीसारखं हसून पाहिलं. हवालदारानेही तिच्याकडे पाहिलं, कारण नातं त्याला ठाऊक होतं. आज याला सोडलं तर उद्या कुणालाच अडवता येणार नाही, हे तिला दिसत होतं.

"लिहा नंबर," ती म्हणाली.

आगगाडी निघून गेली तरी तिने चाकाला हात लावला नाही. रूळ मोकळे राहतील याची खात्री झाल्याशिवाय मी उघडणार नाही, असं तिने मोठ्याने सांगितलं. मागून भोंगे सुरू झाले. टेम्पोवाल्याचे कान लाल झाले. पावती खिशात कोंबून, सगळ्या रांगेच्या देखत, तो टेम्पो मागे मागे घेत अगदी टोकाला गेला. मग फाटक उघडलं आणि दोन्हीकडची वाहनं एकदाही न अडता निघून गेली.

संध्याकाळी तो घरी आला. तिने ताट वाढलं. माफी मागायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

"आज माझ्या पुढे ती व्हॅन होती," तो म्हणाला. "पोरं मागच्या काचेतून मला हात करत होती." घास मोडत त्याने विचारलं, "त्या दिवशी पण करत होती का गं?"

"करत होती," ती म्हणाली. "इंजिनाला."

पाण्याचा घोट घेऊन त्याने विचारलं, रेघेसाठी चुना किती शिल्लक आहे, आणि झाडू एकच आहे की दोन.