थ्वेटबाईंच्या वाचनालयातले तिसरे खंड

थॉर्नबेकच्या बाजारचौकात मिस डॉर्कस थ्वेट यांचं भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय होतं, आणि त्या वाचनालयातल्या एकाही कादंबरीला शेवट नव्हता.

तेव्हा कादंबऱ्या लंडनहून तीन-तीन खंडांत येत. पहिल्या खंडात नायिका बापाला उलटून बोलायची. दुसऱ्यात घर सोडून स्वतःच्या कमाईवर राहायची. तिसऱ्यात लेखकमहाशयांना अचानक चार लोकांची आठवण व्हायची आणि नायिकेला ताप भरायचा. त्यातून वाचली तर पहिल्या खंडात नाकारलेल्या गृहस्थाशी डोळे पुसत लग्न. नाही वाचली तर थडग्यावर पांढरी फुलं. म्हणून थ्वेटबाई पहिले दोन खंड हसतमुखानं द्यायच्या आणि तिसरा मागितला की चष्मा पुसायला घ्यायच्या. कधी तो बांधणीला गेलेला असे, कधी डॉक्टरांच्या बायकोनं अडकवून ठेवलेला. "उंदरांनी खाल्ला" हे कारण त्यांनी एका वर्षात अकरा वेळा दिलं होतं.

शेवट मिळेना, तेव्हा गावातल्या बायका चहाला जमून स्वतःच शेवट रचायला लागल्या. खाटकाच्या बायकोनं एका नायिकेला ऑस्ट्रेलियात नेऊन तीन हजार मेंढ्यांची मालकीण केलं. थोरल्या पाद्र्यांची बहीण अबोल म्हणून प्रसिद्ध, पण तिच्या हाती कथा आली की नवरा दुसऱ्या कपापर्यंत जगत नसे.

खंड होते दुकानातच. प्रवचनांच्या फळीवर, मागच्या रांगेत. चौदा वर्षांत प्रवचनं कुणी मागितली नव्हती.

हे वेड बाईंना उगीच लागलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांना समुद्राकाठी, स्कारबरोच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली होती. पेटी भरून दारात ठेवली होती. त्याच आठवड्यात त्यांनी एक तिसरा खंड वाचला. त्यातली शिक्षिका नवव्या प्रकरणात तापानं गेली. डॉर्कसनं पेटी रिकामी केली आणि पुढं वडिलांचं दुकान, वडिलांचा दमा आणि वडिलांचं मांजर असं सगळं सांभाळलं. आता त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि समुद्र त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता कापडवाल्या बूथरॉईडांची अ‍ॅडलिन. वय तेवीस. लीड्सच्या तारघरात तिला नोकरी मिळाली होती. शनिवारी जाऊन रुजू व्हायचं, नाहीतर जागा गेली. घरच्यांनी मात्र धान्याचे व्यापारी मिस्टर ओल्ड्रॉइड ठरवले होते. विधुर, चार मुलं, आवाज भारदस्त. अ‍ॅडलिनचा निर्णय होत नव्हता. थ्वेटबाईंनी मुद्दाम तिच्या हातात एका कादंबरीचे दोन खंड ठेवले. त्यातली ऑगस्टा तारयंत्र शिकून दिमाखात कमावत होती.

बुधवारी मिसेस बूथरॉईड लेकीला घेऊनच दुकानात आल्या.

"त्या ऑगस्टाचा तिसरा खंड द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीनं शेवट पत्रानं कळवलाय. आमच्या बाईसाहेबांनी तो वाचलाच पाहिजे."

"काय सांगू, उंदरांनी..." बाईंनी चष्मा काढला.

"पुन्हा?"

"यंदा फार झालेत हो."

इतक्यात मागच्या फळीपाशी कुणीतरी खाकरलं. नवे धाकटे पाद्री, मिस्टर टिप्लेडी, चारच दिवसांपूर्वी गावात आले होते. तरुण, भिडस्त, आणि रविवारच्या पहिल्या प्रवचनाची तयारी करायला निघालेले.

"माफ करा," ते म्हणाले, "मी प्रवचनं बघत होतो. त्यांच्यामागे हा ऑगस्टाचा तिसरा खंड सापडला. त्याच्या शेजारीही तिसराच आहे. इथं सगळे तिसरेच दिसतात."

थ्वेटबाईंचं पितळ उघडं पडलं. कानापर्यंत लाल झाल्या.

"उंदीर मोठे धार्मिक दिसतात तुमचे," मिसेस बूथरॉईड म्हणाल्या. त्यांनी खंड लेकीच्या हातात दिला. "शनिवारच्या आत वाचून काढ. मग सांग मला लीड्सला जाते म्हणून."

अ‍ॅडलिननं पुस्तक घेतलं आणि ती आईमागून बाहेर पडली.

पुढचे दोन दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. गावात हसं झालं त्याचं त्यांना काही नव्हतं. पोरगी घाबरेल, ह्यानं त्यांचा जीव तुटत होता. त्या पुस्तकातला ताप चांगला साठ पानं चालतो. आणि दोन खंड दिले कुणी? आपणच. शुक्रवारी त्यांनी वडिलांच्या मांजराच्या पणतवंडालासुद्धा दोन शब्द सुनावले.

शनिवारी दुकान उघडतंय तोवर अ‍ॅडलिन दारात. हातात चामडी पिशवी. तिनं खंड टेबलावर ठेवला.

"वाचलास?" बाईंनी विचारलं.

"सगळा."

"मग?"

"मग काय, तिला ताप येतो." अ‍ॅडलिननं टोपीची फीत घट्ट बांधली. "मला दोनदा येऊन गेलाय. इथंच, आईच्या घरात. पावणेअकराची गाडी आहे माझी."

थ्वेटबाई खुर्चीत बसल्या. खूप वेळ हसल्या, मग थोडं रडल्या, आणि एकोणतीस वर्षांपूर्वीच्या त्या पेटीची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली.

अ‍ॅडलिननं सगळं ऐकून घेतलं. "आणि तुम्हाला, मिस थ्वेट? इथं राहून किती वेळा ताप आला?"

बाईंनी बराच विचार केला. "एकदाही नाही गं. धड सर्दीसुद्धा झाली नाही."

त्या उठल्या. त्यांनी चांगली टोपी घातली, छत्री घेतली. "स्कारबरोची गाडी किती वाजता असते, तुला काही कल्पना?"

"अकरा वीस. पलीकडच्या फलाटावरून."

दुपारी मिस्टर टिप्लेडी प्रवचनाचं पुस्तक परत करायला आले तेव्हा दार सताड उघडं, आत खाटकाच्या बायकोसह सात बायका, आणि दारावर खडूनं लिहिलेली पाटी: "दुकान चालू आहे, मालकीण सोमवारी येईल. तिसरे खंड प्रवचनांच्या मागे आहेत. खुशाल न्यावेत. त्यातला ताप मनावर घेऊ नये."