गिरणीचं हेड

गिरणीतून आलेल्या गरम पिठात हात घातला की मला माझं लग्न आठवतं. निजामाच्या राज्यातले ते लढाईचे दिवस. आळंदला माझ्या वडिलांची, अप्पांची, पिठाची गिरणी एका जुन्या लॉरीच्या इंजिनावर चालायची, आणि चार कोसांवर माझ्या सासरी अगदी तसलीच लॉरी होती. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या लॉरीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, तडकलं. नवं कुठून मिळणार? अप्पांनी गिरणीचं हेड खोलून बैलगाडीतून पाठवून दिलं. वऱ्हाड वाजतगाजत दारात उतरलं तेव्हा आईच्या ध्यानात आलं, की जेवणाचे गहू गिरणीत तसेच पडलेत. "आता पाव्हण्यांच्या पानात काय वाढावं वो?" ती रडकुंडीला आली. लॉरी नवरदेवानंच चालवत आणली होती. बाशिंग सावरत ते अप्पांना म्हणाले, "हेड परत बसवतो की, मामा. पण गरम हाय. आत्ता खोललं तर वाकडं होतंय." मग इंजिन गार होईपर्यंत आमच्यावर अक्षता पडल्या. लगेच हळदीच्या हातात पाना घेऊन ते लॉरीत वाकले, आणि निघालेले नट माझ्या ओटीत टाकत म्हणाले, "सांभाळ, एकबी हरवू नको." नवरा म्हणून माझ्याशी ते पहिलंच बोलणं. गिरणी धडधडली, पुऱ्या फुगल्या, वऱ्हाड पोटभर जेवलं. आता मला सासरी न्यायला तेच हेड परत लॉरीवर चढवायचं होतं. हे पाना घेऊन गिरणीत गेले की अप्पा बंद इंजिनावर हात ठेवून म्हणायचे, "गरम हाय अजून." तीन दिवस ते इंजिन काही गार झालं नाही.